मुक्काम पोस्ट आकाश : पत्त्याचा इतिहास आणि उडत्या ड्रोनचे जाळे

१.
मराठी माणूस पत्ता लिहू लागला, की पहिली दोन अक्षरे ठरलेली : मु. पो. मुक्काम पोस्ट पाचोड, तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. ‘मुक्काम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ, थांबण्याची जागा. आज तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरापुढे लिहिला जातो. मराठेशाहीतील मोडी पत्रांत मात्र तो अक्षरशः खरा असे : लिहिणारा आज या गावी उतरला आहे, उद्या पुढे जाईल. ज्याला पत्र द्यायचे तोच हलत असेल, तर ते पोहोचवायचे कसे? आजचा धागा या प्रश्नाचा इतिहास सांगतो आणि तो थेट आकाशात उडणाऱ्या ड्रोनपर्यंत जातो.

२.
ड्रोन आता आपल्याकडे अपूर्वाईचा राहिलेला नाही. लग्नाच्या मांडवावर तो घिरट्या घालतो, शेतावर फवारणी करतो. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावच्या गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली आणि पुढे २०२० मध्ये केंद्राची ‘स्वामित्व’ योजना आली. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी कोविडच्या ३०० लसी ड्रोनने नेल्या; सुमारे २० किलोमीटरचे अंतर नऊ-दहा मिनिटांत कापले गेले. या सर्व प्रसंगांत एक ड्रोन आणि त्याचे जमिनीवरचे नियंत्रण एवढाच मामला होता. ड्रोनांनी आपापसांत निरोप फिरवावा, अशी वेळ तेथे आली नव्हती.

३.
आता ऑगस्ट २००६ आठवा. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने पैठण शहर आणि गोदाकाठची गावे वेढली गेली होती. अशा पुरात मोबाइलचे टॉवर बंद पडले, तर वीस-पंचवीस ड्रोन आकाशात साखळी धरून एका गावचा निरोप दुसऱ्या गावापर्यंत नेऊ शकतील काय? तत्त्वतः होय. अशा जाळ्यात प्रत्येक ड्रोन दोन कामे करतो : स्वतःचा निरोप पाठवणे आणि दुसऱ्याचा पुढे नेणे. खाली तारा नाहीत, खांब नाहीत, मधे बसलेले केंद्र नाही. मग हाती आलेला निरोप पुढे नेमका कोणाला द्यायचा, हे कोण ठरवणार? संगणकशास्त्रात या निर्णयाला ‘राउटिंग’ म्हणतात. आपण मार्गनिवड म्हणू.

४.
मार्गनिवडीची रूढ पद्धत यादीची आहे. प्रत्येकाने आपल्याजवळ एक तक्ता ठेवावा : अमक्याचा निरोप आला तर तमक्याकडे द्यावा. जमिनीवरच्या स्थिर जाळ्यात हे उत्तम चालते. पण दोन ड्रोन सेकंदाला १५ मीटर वेगाने समोरासमोरून जात आहेत आणि त्यांचा संपर्काचा पल्ला ३०० मीटर आहे, असे धरा. परस्परांच्या तुलनेत त्यांचा वेग होतो सेकंदाला ३० मीटर, आणि एकमेकांच्या पल्ल्यात ते राहतात जेमतेम २० सेकंद. एवढ्यात तक्ता तयार होऊन सर्वांना कळेपर्यंत तो शिळा होतो. तक्ते ताजे ठेवण्यासाठी इतके निरोप फिरवावे लागतात, की खऱ्या निरोपाला जागाच उरत नाही.

५.
दुसरी पद्धत अशी : वाट लक्षात ठेवायचीच नाही. फक्त तीन गोष्टी माहीत असाव्यात. मी कोठे आहे, माझे शेजारी कोठे आहेत, आणि निरोप ज्याला द्यायचा तो कोठे आहे. मग त्या ठिकाणाच्या सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्याच्या हाती निरोप द्यायचा. तोही तसेच करील. हीच स्थानाधारित मार्गनिवड. कल्पना अत्यंत साधी आहे. पण तिच्यातील प्रत्येक ‘कोठे’ या शब्दामागे मोठा इतिहास उभा आहे आणि त्यातील बराचसा आपल्या परिसरातून जातो.

६.
पहिला ‘कोठे’. पाचोडचा तालुका पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ते येते. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, असे तिचे वर्णन आहे. ही यादीची पद्धत झाली. तेर गाठायचे तर आधी पैठण ठाऊक हवे, पैठण गाठायचे तर भडोच. मधला एक मुक्काम हरवला, की पुढचे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते.

७.
दुसऱ्या शतकात टॉलेमीने निराळा मार्ग धरला. आपल्या भूगोलग्रंथात त्याने प्रत्येक स्थळाला दोन आकडे दिले, अक्षांश आणि रेखांश. त्या यादीत ‘बैठाण’ या रूपाने पैठणही आहे. आता स्थळाची ओळख वाटेवर अवलंबून राहिली नाही. ही झेप असामान्य होती. परंतु ते आकडे मुख्यतः व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या वृत्तांतांवरून काढलेले होते, आणि म्हणून टॉलेमीच्या नकाशात भारताचे द्वीपकल्प जवळजवळ सपाट झालेले दिसते. कल्पना योग्य होती, मोजणी नव्हती. स्थानावर भिस्त ठेवणारी कोणतीही व्यवस्था मोजणीइतकीच खरी असते, हे येथे प्रथम दिसते.

८.
ती मोजणी आपल्याकडे आली एकोणिसाव्या शतकात. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पायारेषा मोजण्यास आरंभ केला आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकला. पद्धतीची अट एकच : एका ठाण्यावरून पुढचे ठाणे दिसले पाहिजे. दिसत नसेल तर टेकडी शोधा, मनोरा उभारा, झाडे तोडा, रात्री दिवे लावा. हे काम करता करताच २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे ही जबाबदारी जॉर्ज एव्हरेस्टकडे गेली.

९.
या मोजणीमागे कंपनी सरकारची सत्ता होती, करवसुली होती, लष्करी गरज होती. हे विसरून तिचे नुसते कौतुक करणे योग्य नव्हे. तथापि आपल्या विषयापुरती एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘एकाला दुसरा दिसला पाहिजे’ ही लॅम्ब्टनची अट आणि ‘एक ड्रोन दुसऱ्याच्या पल्ल्यात असला पाहिजे’ ही आजची अट स्वभावाने एकच आहे. फरक इतकाच, की लॅम्ब्टनची ठाणी वर्षानुवर्षे जागेवर राहत. ड्रोनची ठाणी डोळ्यांदेखत उडून जातात.

१०.
दुसरा ‘कोठे’ म्हणजे ज्याला निरोप द्यायचा त्याचे स्थान. हे स्थान पत्त्यातच लिहून ठेवण्याची आपल्याकडची सर्वांत यशस्वी युक्ती एका मराठी माणसाची आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा जन्म १९१५ चा. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते वरिष्ठ अधिकारी होते आणि त्याच वेळी संस्कृतचे कवीही. त्यांनी आखलेली पिन कोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाली.

११.
तिची गरज का पडली? पिंपळगाव किंवा वडगाव या नावाची आपल्या राज्यात किती गावे असतील, याचा विचार करा. म्हणून तर आपण पिंपळगाव बसवंत म्हणतो, वडगाव मावळ म्हणतो. त्यात प्रत्येक प्रांताची लिपी वेगळी, इंग्रजी स्पेलिंग वेगळे, हस्ताक्षर वेगळे. सॉर्टिंगला बसलेल्या माणसाला हजारो गावनावे आणि त्यांच्या वाटा तोंडपाठ असाव्या लागत. तोच तो यादीचा भार, फक्त येथे तक्ता माणसाच्या डोक्यात होता.

१२.
पाचोडचा पिन आहे ४३११२१. पहिला आकडा ४ : महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा विभाग. दुसऱ्या आकड्याने तो आणखी आवळला जातो. ४३१ एवढे वाचले, की टपाल मराठवाड्याच्या या पट्ट्यात येते. आणि १२१ हे शेवटचे तीन आकडे वाटपाचे पोस्ट ऑफिस सांगतात. दिल्लीत किंवा कोलकात्यात बसलेल्या सॉर्टरला पाचोड कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने पहिले आकडे पाहावेत आणि पत्र त्या दिशेच्या थैलीत टाकावे. पुढच्या टप्प्यावरचा माणूस पुढचे आकडे पाहील. कोणालाही संपूर्ण वाट माहीत नाही. तरी पत्र पोहोचते.

१३.
येथे एक गंमत आहे. आपला लिहिलेला पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो : आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा. पिन उलट चालतो, मोठ्याकडून लहानाकडे. एका बाजूने वाचले तर रामाची आणि उलट वाचले तर कृष्णाची स्तुती होईल, असे ‘विलोम काव्य’ वेलणकरांनी संस्कृतात रचले होते. पत्ता उलटा वाचण्याची युक्ती अशाच माणसाने आखावी, हा योगायोग मला फार आवडतो.

१४.
पिन म्हणजे अक्षांश-रेखांश नव्हेत, हे खरे. पण ‘वाटेची माहिती जाळ्यात साठवू नका, स्थानाची माहिती पत्त्यातच ठेवा’ हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. बिनतारी जाळ्यांत हे तत्त्व १९८० च्या दशकात आले. १९८४ मध्ये हिदेआकी ताकागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी, पल्ल्यात असलेल्यांपैकी मुक्कामाच्या दिशेने सर्वांत पुढे असलेल्याकडे निरोप द्यावा, या पद्धतीचे गणित मांडले. १९८७ मध्ये ग्रेगरी फिन याने शहरभर पसरलेल्या मोठ्या जाळ्यासाठी स्थानावरून मार्ग निवडण्याची पद्धत सुचवली. तेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतःचे स्थान स्वस्तात कळण्याची सोय मात्र नव्हती.

१५.
ती सोय एका निर्णयाने वाढली. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि सामान्य उपकरणाची अचूकता सुमारे १०० मीटरवरून २० मीटरच्या आसपास आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टन येथील परिषदेत ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी आपली पद्धत मांडली. ‘जीपीएसआर’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते आणि या विषयावरचा जवळपास प्रत्येक पुढचा अभ्यास तिच्याशी स्वतःची तुलना करतो. तिचा पहिला भाग आपण पाहिलाच : मुक्कामाच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्याकडे द्या. खरी करामत दुसऱ्या भागात आहे. तो समजण्यासाठी आपल्याला १७६० मध्ये जावे लागेल.

१६.
उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातून, उत्तरेकडे निघाले. पुढे ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी सैन्य व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले. पुण्याकडच्यांना सैन्य कोठे आहे हे ठाऊक होते, दिशा ठाऊक होती. पण निरोप पुढे नेणारे मधले हात नाहीसे झाले होते. १४ जानेवारी १७६१ चा पराभव नानासाहेब पेशव्यांना जानेवारीच्या अखेरीस, माळव्यातील भेलसा येथे, हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून कळला.

१७.
स्थानाधारित मार्गनिवडीतील मोठा धोका हाच. निरोप पुढे सरकत एका ड्रोनपाशी येतो. मुक्काम समोर दिसतो आहे, परंतु पल्ल्यातील कोणताही शेजारी त्या मुक्कामाला याच्यापेक्षा जवळ नाही. मधे पोकळी आहे. ‘नेहमी जवळच जा’ असे म्हणणारा येथेच अडून बसतो, कारण सुटकेसाठी आधी थोडे मागे, मुक्कामापासून दूर जावे लागणार असते. आश्चर्य म्हणजे वळसा घालून जाणारी वाट अस्तित्वात असते. फक्त ती अडकलेल्याला दिसत नाही.

१८.
कार्प आणि कुंग यांचा उपाय आपल्याला दौलताबादच्या किल्ल्यात समजेल. तेथील ‘अंधारी’ हा वळणावळणाचा काळोखा बोगदा पाहिलेल्यांना ठाऊक असेल. अशा ठिकाणी उजवा हात भिंतीला लावावा आणि हात न उचलता चालत राहावे. वाट दिसली नाही तरी भिंत आपल्याला पुढे नेते. जीपीएसआर पद्धतीत अडकलेला निरोप याच उजव्या हाताच्या नियमाने पोकळीच्या कडेकडेने फिरतो. जेथे अडकला त्याहून मुक्कामाला जवळचे ठाणे लागले, की पुन्हा सरळ धाव घेतो. त्यासाठी जाळ्यातील एकमेकांना छेदणारे दुवे आधी गाळून टाकावे लागतात. मग नकाशा सपाट कागदावर काढलेल्या चौकटींसारखा होतो आणि कडेने फिरणे शक्य होते.

१९.
‘सपाट कागद’ हे शब्द पुन्हा वाचा. जमिनीवर हे चालते. आकाशात एक ड्रोन ४० मीटरवर असतो, दुसरा १२० मीटरवर. तिसरी मिती आली, की पोकळीला ‘कड’ उरत नाही. अंधारीत भिंत असते, मोकळ्या आभाळात हात लावायचा कशाला? २००८ मध्ये कोलकाता येथील परिषदेत स्टीफन डुरोशर, डेव्हिड कर्कपॅट्रिक आणि लता नारायणन यांनी हे गणिताने सिद्ध केले. आपल्या आसपासची ठरावीक माहितीच वापरणारी, निश्चित नियमांची कोणतीही पद्धत त्रिमित जाळ्यात प्रत्येक वेळी निरोप पोहोचवण्याची हमी देऊ शकत नाही. त्याच निबंधात एक दिलासाही होता. सर्व ड्रोन संपर्काच्या पल्ल्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाडीच्या थरात उडत असतील, तर हमी देता येते. म्हणजे आकाश जमेल तितके सपाट ठेवा.

२०.
म्हणून प्रत्यक्षात शुद्ध पद्धत क्वचितच वापरतात. कोणी स्थानाबरोबर वेग आणि दिशाही कळवतात, म्हणजे शेजारी दोन सेकंदांनी कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील संशोधकांनी तक्त्याच्या पद्धतीतच जीपीएसची माहिती मिसळून खऱ्या उडत्या ड्रोनवर प्रयोग केले. कोणी असे ठरवतात, की पुढे कोणीच नसेल तर निरोप जवळ बाळगून उडत राहावे आणि भेटेल त्याच्या हाती द्यावा. ही शेवटची रीत आपल्या जासुदांची. वाट बंद असेल तर थांबा, पत्र सांभाळा, संधी मिळताच निघा. उशीर चालतो; पत्र गहाळ होता कामा नये.

२१.
आता तिसरा आणि सर्वांत अवघड ‘कोठे’. मुक्कामच हलत असेल तर? निरोप देणाऱ्या ड्रोनला घेणाऱ्याचे आत्ताचे स्थान कळणार कसे? पिन कोडला हा प्रश्न नव्हता. पाचोड जागचे हलत नाही. पण वेलणकरांच्या योजनेत नऊ विभाग होते. आठ भूगोलाचे, आणि नववा लष्करी टपालाचा. सैनिकाच्या पत्त्यात गाव नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी आणि ‘मार्फत ५६ एपीओ’. पत्र लष्कराच्या मध्यवर्ती टपाल कार्यालयात जाते. तुकडी आज कोठे आहे हे त्या कार्यालयाला ठाऊक असते, पाठवणाऱ्याला नसते.

२२.
ड्रोनच्या जाळ्यात असे एकच मध्यवर्ती कार्यालय ठेवता येत नाही. ते पडले की सारे पडले. बॉस्टनच्या त्याच २००० च्या परिषदेत एमआयटीच्या संशोधकांनी एक तोड मांडली. भूभागाचे लहान-मोठे चौकोन करावेत आणि प्रत्येकाने आपले स्थान काही मोजक्या ठाण्यांकडे नोंदवून ठेवावे : जवळच्या परिसरात दाट, दूरवर विरळ. शोधणाऱ्याने त्या नोंदींचा माग काढत जावे. रोज घराबाहेर पडताना आपण शेजारी सांगून जातो, परगावच्या आत्याला क्वचित कळवतो, तसेच हे.

२३.
या सगळ्यात विश्वासाचाही प्रश्न आहे. प्रत्येक ड्रोन ‘मी येथे आहे’ असे सतत जाहीर करतो आणि इतर ते खरे मानतात. एखाद्याने खोटे स्थान सांगितले, तर सारे निरोप त्याच्याकडे ओढले जातील आणि तेथेच गडप होतील. जीपीएसचे संकेत कोणी दडपले, तर साऱ्या जाळ्याचेच पाय डळमळतील. आणि स्थान जाहीर करणे म्हणजे स्वतःला शत्रूपुढे उघडे करणेही आहे. ५६ एपीओची रीत सैनिकाचे स्थान पाठवणाऱ्यापासूनही लपवते, ती याच कारणासाठी. पोहोचता येणे आणि लपून राहता येणे यांत ओढाताण असते, आणि कोणती बाजू किती सोडायची हे गणित ठरवत नाही. ते माणसे ठरवतात.

२४.
म्हणूनच हा विषय मला केवळ यंत्रांचा वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड आणि भोवतालच्या तालुक्यांतून, ऊसतोड मजुरांच्या जोड्या मुलाबाळांसह बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या काळात त्यांचा पत्ता ‘मु. पो.’ अमुक गाव असाच राहतो. प्रत्यक्ष मुक्काम मात्र कारखान्याच्या फडाजवळच्या कोपीत असतो. मुलाच्या लसीची नोंद गावी, शाळेचा पट गावी, टपाल गावी. व्यवस्था निरोप अचूक पोहोचवते, पण रिकाम्या घराला. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली, तेव्हा धान्यापुरते तरी ‘कोण’ आणि ‘कोठे’ हे दोन प्रश्न वेगळे करण्यात आले.

२५.
आता मागे वळून पाहा. पेरिप्लसने वाट सांगितली, टॉलेमीने स्थान सांगितले, लॅम्ब्टनने ते मोजले, वेलणकरांनी ते पत्त्यात बसवले, आणि कार्प-कुंग यांनी यंत्राला त्या स्थानाकडे चालायला शिकवले. प्रत्येक टप्प्यावर वाट पाठ करण्याचा भार कमी झाला. हलणाऱ्याला शोधण्याचा भार मात्र तसाच राहिला. तो कोणीतरी उचलावाच लागतो. सैनिकासाठी तो राज्याने उचलला. ड्रोनसाठी संशोधक पंचवीस वर्षे उपाय शोधत आहेत. फडावरच्या कुटुंबाचा भार आजही बहुतांशी त्या कुटुंबाच्याच डोक्यावर आहे. पूर आला आणि आकाशात ड्रोनची साखळी उभी राहिली, तर तिला पहिला प्रश्न हाच विचारावा लागेल : जे घरी नाहीत, ते आत्ता कोठे आहेत?

२६.
धागा येथे थांबवतो. आपल्या घरात जुनी पाकिटे, पोस्टकार्डे असतील तर जरूर काढून पाहा. १९७२ पूर्वीचा पत्ता कसा लिहिलेला आहे? पिन कधीपासून दिसू लागतो? घरात कोणी लष्करात असतील तर ५६ एपीओची पत्रे असतील. नावे झाकून त्यांची छायाचित्रे खाली जोडा. पत्ता लिहिण्याच्या पद्धतीचा इतिहास आपल्याच ट्रंकेत पडलेला असतो. आणि माझ्या लिहिण्यात कोठे चूक आढळली, तर निःसंकोच सांगा. दुरुस्ती याच धाग्यात करीन.